घरात चोर शिरला तर काठी कुठपर्यंत चालवायची?

विचारणा थोडक्यात अशी आहे. आई-वडील तालुक्याच्या गावी, वेशीबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये, बैठ्या घरात दोघंच राहतात. वडील एकाहत्तरचे. महिन्याभरात त्याच कॉलनीत दोन घरफोड्या झाल्या. तेव्हापासून वडील उशाशी कोयता घेऊन झोपतात. शेजाऱ्यांनी कंपाउंडच्या तारेत रात्रीपुरता करंट सोडायचा सल्ला दिला आहे. शिवाय ‘घरात घुसलेल्या चोराला ठार मारलं तरी गुन्हा लागत नाही’ असा मजकूर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याला जाणून घ्यायचंय की यातलं खरं किती, आणि करायचं काय.

मी जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षं फौजदारी वकिली करतोय. त्यातली सहा वर्षं सरकारी पक्षाकडून, बाकीची बचावाकडून. त्यामुळे चोराला शिक्षा मागितली आहे आणि चोराला मारणाऱ्यासाठी जामीनही मागितला आहे.

करंटचं आधी सांगतो, कारण ते आज रात्रीच थांबायला हवं. ‘चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य’ हा साठच्या दशकातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल याच गोष्टीवर आहे. शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली म्हणून तिथली बाई आरोपीचा संडास वापरायला लागली. आरोपीला ते खपत नव्हतं. त्याने येण्याजाण्याच्या वाटेवर उघडी तांब्याची तार बांधून तिच्यात वीज सोडली. बाई आत गेली तेव्हा वाचली, बाहेर येताना तिचा हात लागला आणि ती गेली. आपल्या मालमत्तेचं रक्षण करत होतो, असा बचाव आरोपीने घेतला. न्यायालयाने तो फेटाळला आणि निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दलची शिक्षा कायम ठेवली. दुसऱ्याच्या जागेत शिरला म्हणून माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, हे त्या निकालाचं सार.

त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. बचावाचा हक्क हा समोरच्या धोक्याला त्या क्षणी दिलेल्या उत्तराचा हक्क आहे. तारेला समोर कोण आलंय हे कळत नाही. पहाटे येणारा दूधवाला, चेंडू आणायला कंपाउंडवर चढलेलं पोर, लाइट गेली म्हणून आलेला वायरमन, सगळे तिला सारखेच. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताला करंट लावल्यामुळे शेजारचा शेतकरी दगावल्याची प्रकरणं मी स्वतः चालवली आहेत. त्यात आजकाल पोलीस नुसता निष्काळजीपणा लावून थांबत नाहीत, सदोष मनुष्यवधही (खुनाच्या खालोखालचा गुन्हा) लावतात. तार आकडा टाकून जोडलेली असली तर वीजचोरी वेगळी. बॅटरीवरचं झटका मशीन ही निराळी चीज आहे. ते क्षणभराचा झटका देऊन सोडतं. पण ते शेतासाठी आहे, बंगल्याच्या गेटसाठी नव्हे.

आता त्या व्हॉट्सॲपच्या मजकुराकडे वळू. तो अर्धा खरा आहे, आणि म्हणून पूर्ण खोट्यापेक्षा जास्त घातक आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यातली ९६ ते १०६ ही खासगी बचावाची कलमं नव्यात ३४ ते ४४ झाली. मजकूर जवळपास तोच आहे. कलम ३४ म्हणतं की खासगी बचावाचा हक्क बजावताना केलेली कोणतीही गोष्ट गुन्हा नाही. कलम ३५ हा हक्क आपल्या आणि दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी देतं. म्हणजे शेजारणीच्या घरात चोर शिरला आणि तुम्ही धावून गेलात तर तुम्हालाही तो आहे. मालमत्तेसाठी तो चोरी, जबरी चोरी (म्हणजे मारहाण करून किंवा धाक दाखवून केलेली), आगळीक आणि अतिक्रमण यांच्याविरुद्ध आहे. (आगळीक हा शब्द कायद्याच्या मराठीत नासधूस करण्यासाठी वापरतात. खोड्या काढण्याशी त्याचा संबंध नाही.)

पण ‘हक्क आहे’ आणि ‘जीव घेण्यापर्यंत हक्क आहे’ यांत बरंच अंतर आहे. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा मृत्यू झाला तरी माफ, असे प्रसंग कलम ४१ मध्ये चारच आहेत. जबरी चोरी हा एक. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी हा दुसरा. राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा ते स्फोटकाने उडवणं हा तिसरा. चौथ्यात साधी चोरी, आगळीक किंवा गृह-अतिक्रमण येतं, पण आपण वेळीच हात उचलला नाही तर कोणाचा तरी जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटण्यासारखी परिस्थिती असेल तरच. या चारांत न बसणाऱ्या चोराला अडवता येतं, ढकलता येतं, गरज पडली तर दुखापतही करता येते. जीव घेता येत नाही.

यातला दुसरा प्रसंग तुमच्या कामाचा. ‘घरफोडी’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण कायद्यात त्याची व्याख्या कलम ३३० मध्ये काटेकोर दिली आहे. भिंतीला भोक पाडून शिरणं, भिंतीवर चढून किंवा खिडकीतून शिरणं, कुलूप उघडणं, बंद करून घेतलेलं दार उघडून शिरणं, दारातल्या माणसाला धक्काबुक्की करून आत येणं, या तऱ्हा त्यात येतात. फटीतून तार घालून आतली कडी वर केली तरी ती घरफोडीच, असं उदाहरणच कायद्याने जुन्या संहितेपासून दिलं आहे. भिंतीच्या भोकातून नुसता हात आत आला तरी पुरे. पण दार सताड उघडं होतं आणि माणूस सरळ चालत आत आला, तर ते गृह-अतिक्रमण होईल, घरफोडी होणार नाही. मग रात्र असूनही तुम्ही दुसऱ्या प्रसंगात बसत नाही. जिवाची भीती रास्त होती हे दाखवत चौथ्यात शिरावं लागतं, आणि ते जड जातं.

म्हणून मी अशिलांना सांगतो की उन्हाळ्यात वारा येतो म्हणून पुढचं दार उघडं टाकून झोपू नका. आतून लावलेल्या कडीने चोर थांबेल न थांबेल, पण कोर्टात ती कडी फार बोलते. विम्याचंही तेच आहे. घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा बळाचा वापर किंवा मोडतोड करून शिरल्याची अट असते, आणि तशी अट असेल तर ती शब्दशः पाळली जाईल असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका विमा कंपनीच्या खटल्यात म्हटलं आहे. उघड्या दारातून गेलेल्या दागिन्यांचे पैसे मागायला गेलात तर कंपनी हाच मुद्दा पुढे करते.

या सगळ्यावर कलम ३७ चा लगाम आहे. रात्रीच्या घरफोडीलाही तो लागू होतो, आणि व्हॉट्सॲपवाले नेमकं हेच गाळतात. बचावासाठी जेवढी इजा करणं आवश्यक होतं त्याहून जास्त करता येत नाही, आणि पोलिसांची मदत मागायला सवड होती तिथे हा हक्कच मिळत नाही. समजा तुम्हाला पुण्यात बसून मोबाइलवर कॅमेऱ्यात दिसलं की गेटबाहेर दोघं घुटमळताहेत. तुम्ही पोलिसांना न कळवता गावातल्या पोरांना काठ्या घेऊन दबा धरून बसवलंत आणि एकाचं डोकं फुटलं. तिथे सरकारी वकील पहिला प्रश्न ‘फोन का केला नाही’ हाच विचारील. मी त्या खुर्चीवर होतो तेव्हा मीही तेच विचारायचो.

आता दुसरी बाजू, कारण एवढं वाचून वडील म्हणतील की मग काय हात बांधून बसायचं? मुळीच नाही. कटनीला १९५० साली दंगल झाली. अमजद खान नावाच्या दुकानदाराच्या इमारतीत जमाव शिरला. शेजारचं भावाचं दुकान लुटलं, मग मोर्चा याच्या दुकानाकडे वळला आणि दारावर लाठ्या पडू लागल्या. आत घरची माणसं होती. याने बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक माणूस मेला, काही जखमी झाले. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली त्याला निर्दोष सोडलं. दार तुटेपर्यंत वाट बघायला हवी होती, दोन गोळ्यांऐवजी एक पुरली असती, असला हिशेब न्यायालयाने मांडला नाही. अशा घडीला माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून मापून वागावं ही अपेक्षा चुकीची, असं न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्या निकालाचं म्हणणं. २०१० सालच्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बचावाच्या हक्काची दहा तत्त्वं एकत्र मांडली, त्यातही हाच सूर आहे. स्वतःच्या घरातून पळून जावं अशीही कायद्याची सक्ती नाही.

तेव्हा धोका चालू असेपर्यंत कायदा तुमच्या वडिलांशी बऱ्यापैकी उदार आहे. तो हात आखडता घेतो धोका सरल्यावर. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत माणसं अडकली ती बहुतेक या एकाच ठिकाणी.

कलम ४३ हा हक्क कधी संपतो ते सांगतं. रात्रीच्या घरफोडीत, त्या घरफोडीने सुरू झालेलं अतिक्रमण चालू आहे तोवर. चोर घराबाहेर पडला की जिवापर्यंत जाणारा हक्क तिथेच थांबला. साध्या चोरीत चोर माल घेऊन पसार होईपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत किंवा पोलीस येईपर्यंत. म्हणजे दागिन्यांची पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या मागे धावता येतं, त्याला पाडता येतं, पिशवी हिसकावता येते. पण पिशवी हातात आल्यावर जो फटका पडतो तो बचाव राहत नाही.

एक खटला सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील फिरवून. साठीचा माणूस, किराणा दुकान, वर घर. रात्री दोनला मागच्या दाराचा कोयंडा उचकटून एक जण आत आला. याने खलबत्त्यातला बत्ता उचलून त्याच्या हातावर घातला. चोराची पहार पडली. तो वळला आणि जिन्यावरून पळाला, आणि हे त्याच्या मागे. अंगणात गाठून डोक्यात आणखी दोन. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात मरण पावला. स्वयंपाकघरातल्या फटक्याबद्दल मला कोर्टात एक शब्द बोलावा लागला नाही, सरकार पक्षानेही तो सोडून दिला. सगळा खटला अंगणातल्या दोन फटक्यांवर चालला. शवविच्छेदनाच्या अहवालात दोन्ही जखमा डोक्याच्या मागच्या बाजूला होत्या, आणि मागच्या बाजूच्या जखमेला उलटतपासणीत काही उत्तर नसतं. कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादाचा आधार मिळाला. बचावाचा हक्क प्रामाणिकपणे बजावताना, पूर्वतयारीशिवाय आणि जरूरीपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात. पण त्यालाही कलम १०५ खाली जन्मठेपेपर्यंत किंवा ५ ते १० वर्षं शिक्षा होऊ शकते. दुकान सोळा महिने बंद होतं, एवढंच सांगतो.

अंधारात आणखी एक घोळ होतो. घरात शिरणारा दर वेळी चोर नसतो. कलम ३६ मध्ये हेच उदाहरण आहे: ज्याला घरात यायचा हक्क आहे असा माणूस रात्री येतो, घरातला त्याला घरफोड्या समजून हल्ला करतो. प्रामाणिक गैरसमज असेल तर हल्ला करणाऱ्याचा गुन्हा नाही. पण आत आलेल्यालाही त्याच्याविरुद्ध तोच बचावाचा हक्क आहे! कागदावर हे मजेदार वाटतं. प्रत्यक्षात तो उशिरा एसटीने आलेला पुतण्या असतो, किंवा पिऊन चुकून तुमच्या गेटात शिरलेला शेजारी. म्हणून काठीच्या आधी टॉर्च हवी, आणि टॉर्चच्या आधी मोठ्याने ‘कोण आहे?’ हवं. त्या हाकेने निम्मे चोर पळतात आणि सगळे पुतणे बोलतात.

चोर सापडला तर काय, हे गावाला विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: विजेच्या खांबाला बांधा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४० सामान्य माणसालाही अटकेचा अधिकार देतं. तुमच्या डोळ्यांदेखत कोणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही असा) केला तर त्याला धरून ठेवता येतं. मात्र विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. ही सहा तासांची मर्यादा नव्या कायद्याने घातली. धरून ठेवा, हात बांधावे लागले तर बांधा, पाणी द्या, फोन करा. त्यानंतर पडलेल्या प्रत्येक थपडेचा हिशेब होतो, आणि मोबाइलवर चित्रीकरण करणारे हौशी लोक तो पुरावा स्वतःच तयार करून ठेवतात. पाच किंवा जास्त लोक जमून मारहाण करू लागले की बेकायदेशीर जमाव होतो, आणि मग न्याय संहितेच्या कलम १९० खाली काठी कोणाची लागली हे न बघता सगळ्यांना गोवता येतं.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे समजून जमावाने मारले. ते भिक्षा मागायला आले होते. पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. शंभराहून जास्त माणसं अटकेत गेली. दोन्ही ठिकाणी ‘आम्ही गावाचं रक्षण करत होतो’ असंच सुरुवातीला वाटत असणार. तुमच्या कॉलनीचा ग्रुप रात्री एकला ‘चोर आलेत, निघा’ म्हणायला लागला की वडिलांनी घरातच थांबावं. रात्रगस्त घालायचीच तर पोलीस पाटलांना आणि ठाण्याला सांगून, नावं देऊन, शिट्टी-टॉर्च घेऊन घालावी.

कोयत्याबद्दल. घरात, शेतात कोयता असणं गुन्हा नाही. शस्त्र नियम, २०१६ नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं धारदार शस्त्रांत मोजतात, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. मात्र तोच कोयता घेऊन रस्त्यावर गेलात आणि त्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदी लागू असली, तर तुमच्यावरच कलम १३५ चा गुन्हा. हे आदेश सण, निवडणुका, आंदोलनं यांच्या निमित्ताने वरचेवर निघतात आणि कुणी वाचत नाही.

कायदा सोडा, मला कोयत्याची भीती वेगळ्याच कारणाने वाटते. एकाहत्तरचे वडील, झोपेतून उठलेले, चष्मा टेबलावर, समोर पंचविशीतले दोघं. कोयता कोणाच्या हातात जाईल? पोलिसांच्या पंचनाम्यात ‘घरातीलच हत्यार’ असे शब्द मी पुष्कळदा वाचले आहेत. उशाशी टॉर्च, मोबाइल आणि कर्कश शिट्टी ठेवा. चार फुटी काठी असली तर हरकत नाही, तिने अंतर राखता येतं. पेपर स्प्रे बंद खोलीत मारणाऱ्यालाही झोंबतो, आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका प्रकरणात तो घातक शस्त्र मानला जाऊ शकतो असं म्हटलं आहे. तोही खेळणं समजून वापरू नये. बंदुकीचा परवाना या कारणासाठी काढू नका. मिळायला वेळ लागतो, निवडणूक आली की जमा करायला सांगतात, आणि कपाटात कुलपात ठेवलेली बंदूक मध्यरात्री उपयोगाची नसते. कुलपाबाहेर ठेवलेली तर नातवंडं आल्यावर झोप उडवते.

आता घर. दोन्ही घरफोड्यांचा पंचनामा मी पाहिलेला नाही, पण नवीन प्लॉटिंगमधलं चोरट्यांचं तंत्र ओळखीचं आहे. ते आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात, म्हणजे ओरडा झाला तरी शेजारी बाहेर येऊ शकत नाही. मग मागच्या दाराचा कडी-कोयंडा कटावणीने उचकटतात. पुढच्या दाराला आपण हजारो रुपयांचं लॉक लावतो आणि मागे न्हाणीघराशेजारी प्लायचं दार, त्याला चार आण्याचा कोयंडा. तेव्हा पैसे मागच्या दारावर घाला: भरीव लाकूड किंवा लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर, चौकटीत खोलवर जाणारे स्क्रू, वर आणि खाली अशा दोन आडव्या कड्या. सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाका, कुलूप लावायला लॅच पुरतो. आणि शेजारच्या चार घरांनाही त्या काढायला लावा, नाहीतर तुमच्या हाकेला कोण येणार?

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बाहेरून उचलून काढता येतात, त्यांना ग्रिल हवं. पण शयनघरातल्या एका ग्रिलला उघडणारा भाग ठेवा आणि त्याची किल्ली आतल्या बाजूला, दोघांनाही ठाऊक असलेल्या खिळ्यावर. चोराच्या भीतीने घर पिंजरा होतं आणि आग लागली की त्यातून निघता येत नाही.

शयनघराच्या दाराला आतून भक्कम कडी बसवा. माझ्या मते सगळ्या खर्चात हा सर्वांत कामाचा. चाहूल लागली की बाहेर जाऊन बघायचं नाही. आतली कडी घट्ट आहे ना बघा, दिवा लावा, ओरडा, शिट्टी वाजवा, ११२ ला फोन. पुढच्या खोलीत टीव्ही आणि कपाट आहे, जाऊ दे. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, घरात रोजच्या वापराचं तेवढं. प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि सोनाराची पावती तुमच्या मोबाइलवर असू द्या. माल सापडला तर ओळख पटवून कोर्टातून सोडवून घेताना त्याचा फार उपयोग होतो. बंद दाराआडून फोन करणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर आजवर कोणी गुन्हा नोंदवलेला नाही. आणि ते दारही फोडायला लागले, तर मात्र वडिलांच्या हातात जे असेल ते त्यांनी चालवावं. तिथे न्याय संहितेची कलम ३८ (जिवावर बेतलं तर शरीराच्या बचावाचं) आणि ४१ दोन्ही त्यांच्या बाजूने आहेत.

रात्री कोणी ‘पोलीस आहोत, दार उघडा’ म्हणालं तर? खऱ्या पोलिसाला विरोध करायचा हक्क बहुतेक प्रसंगी नसतो, पण समोरचा सरकारी नोकर आहे हे माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल तर हक्क जात नाही. ग्रिलमधून ओळखपत्र बघा, ठाण्याचं नाव विचारा, ११२ वर खात्री करा. खरा हवालदार थांबतो. कुरकुरतो, पण थांबतो.

एक गोष्ट यात मिसळू नका. भाडं थकवलेला भाडेकरू किंवा हिश्शासाठी घरात तळ ठोकलेला चुलता हा ‘घुसखोर’ नव्हे. ज्याचा ताबा स्थिरावला आहे त्याला हुसकायला दिवाणी कोर्ट आहे. तिथे काठी उचलली तर बचावाचा हक्क त्याला मिळतो, तुम्हाला नाही.

आणि झटापट झालीच, कोणी जखमी झालं किंवा मेलं, तर पुढचा तासभर महत्त्वाचा. पहिला फोन ११२ ला, नातेवाइकांना नंतर. तो फोन रेकॉर्ड होतो. ‘चोर शिरलाय, आमच्यावर धावून आला, मी काठी मारली, तो पडलाय, ॲम्ब्युलन्स पाठवा’ एवढंच, जे झालं तेच. रागाच्या भरात ‘लोळवला त्याला’ असं म्हटलेलं दोन वर्षांनी कोर्टात ऐकवलं जातं. फरशी पुसू नका, पहार उचलू नका, तुटलेला कोयंडा जागेवरच राहू द्या. तोच घरफोडीचा पुरावा. वडिलांना ओरखडा जरी आला असेल तरी सरकारी दवाखान्यात नेऊन नोंद करून घ्या. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर सरकार पक्षाच्याच कहाणीवर शंका येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या लक्ष्मी सिंग खटल्यात सांगितलं आहे.

पोलीस गुन्हा नोंदवतील, कदाचित अटकही करतील. त्याने खचू नका. बचाव होता की नाही हे ठाण्यात ठरत नाही. ते सिद्ध करण्याचा भार नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असतो, पण सरकार पक्षाइतका कडक नाही. आपलं म्हणणं जास्त संभाव्य आहे एवढं दाखवलं तरी भागतं, आणि तेही सरकारच्याच साक्षीदारांच्या तोंडून निघालं तरी चालतं. लेखी काही देण्यापूर्वी मात्र वकील गाठा.

या शनिवारी गावी जाल तेव्हा सुताराला आधीच सांगून ठेवा. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने कंपाउंडच्या तारेत करंट सोडलेला नाही ना, ते स्वतः बघा. आणि रात्री दिवे घालवून, वडिलांना चष्म्याशिवाय, अंथरुणातून कडी लावून ११२ लावण्यापर्यंत किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून करून बघा. फोन लागायच्या आधीच कापा, नाहीतर गाडी येईल.